भिकनभाऊंनी काढलेलं भुयार

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, ‘तुमच्या हाताखालून इतकी मुलं कॉम्प्युटर शिकून गेली, त्यांच्या यशाबद्दल लिहा.’ मुलं गेली हे खरं. काही परदेशात आहेत, दिवाळीला शुभेच्छा पाठवतात आणि बाईंमुळेच आम्ही इथवर आलो असं चारचौघांत सांगतात. मी त्यांना काय शिकवलं होतं ते मला माहीत असल्यामुळे मी फारशी फुगत नाही. हुशार पोर शिक्षकाच्या नाकावर टिच्चून शिकतं. मला लिहायचं आहे ते पन्नाशीला टेकलेल्या एका विद्यार्थ्याबद्दल. तो माझ्याकडे पूर्ण भरवशानं आला होता, रोज वेळेवर यायचा, आणि त्याला जे शिकायचं होतं ते मी त्याला शिकवलं नाही.

नवरा बँकेत होता. त्याची बदली झाली आणि आम्ही नाशिकहून सुरतेला आलो. उधन्याला स्टेशनजवळ, एका फरसाणच्या दुकानाच्या डोक्यावर, मी क्लास काढला. तीन कॉम्प्युटर, एक मोडेम आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. प्रिंटर चालू झाला की खालचे फरसाणवाले काका कढईवरून मान वर करून विचारायचे, ‘बेन, बधुं बराबर?’ सगळं ठीक आहे ना?

नव्वदचं दशक सरत आलं होतं. इंटरनेट हा शब्द लोकांनी ऐकला होता, पाहिला कोणी नव्हता. मी घेतलं होतं ते सगळ्यांत स्वस्तातलं कनेक्शन. त्यात चित्रं दिसायची नाहीत. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, बस. फोनची लाइन लागायला वीस वेळा नंबर फिरवावा लागे, आणि लागली की मोडेम असा काही किंचाळायचा की नवा विद्यार्थी खुर्ची मागे सरकवायचाच. त्यावरून मी लोकांच्या ई-मेल पाठवून द्यायची. कतारगामहून एक हिऱ्यांचे व्यापारी बायकोला घेऊन यायचे. मुलगा बेल्जियमला. हे काका मजकूर सांगायचे, मी टाइप करायची. काकूंचं म्हणणं, कागद रवाना होण्याआधी त्याला कुंकू लागलं पाहिजे. कागद नाहीच, हे मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्यांनी बोट सरळ मॉनिटरच्या काचेला टेकवलं. मी तो ठिपका पुसला नाही, कारण त्या दिवशी उत्तर अर्ध्या तासात आलं होतं आणि काकूंचा कुंकवावरचा विश्वास माझ्या मोडेमवरच्या विश्वासापेक्षा पक्का ठरला होता.

आता मी खेळायचे त्या खेळाबद्दल. आजच्या मुलांना सांगितलं तर ती हसतात, पण तेव्हा त्या काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांचा एक अख्खा देश होता. जगभरातले लोक फोन लावून त्यात शिरायचे. शिरल्यावर पडद्यावर इंग्रजीत चार ओळी यायच्या. तुम्ही एका वेशीत उभे आहात, उत्तरेला बाजार आहे, पूर्वेला जंगल, एक म्हातारा भिकारी तुमच्याकडे बघतो आहे. मग तुम्ही काय करायचं ते टाइप करायचं. उत्तरेला जायचं तर n, दक्षिणेला s, आजूबाजूला बघायचं तर l. एक पाऊल टाकलं की पुढच्या जागेचं वर्णन. चालता चालता राक्षस भेटायचे, तलवारी सापडायच्या, कुणीतरी म्हातारी हरवलेली अंगठी शोधून आणायला सांगायची. आपण मेलो की जवळचं सगळं जायचं आणि पुन्हा वेशीतून सुरुवात. पलीकडे खरीखुरी माणसं असायची, कुणी फिनलंडचा, कुणी कॅनडाचा, आणि सगळ्यांनी टोपणनावं घेतलेली. मी नाव घेतलं होतं तापी.

हा नाद मला कसा लागला ते प्रामाणिकपणे सांगते. माझं आयुष्य तोवर नवऱ्याच्या बदलीच्या पत्रांवर चाललं होतं. कुठलं गाव, कुठलं घर, मुलीची कुठली शाळा, हे सगळं बँकेचं हेड ऑफिस ठरवायचं. त्या काळ्या पडद्यावर मात्र पूर्वेला जायचं की पश्चिमेला, हे मी ठरवायची. पस्तिशीतली बाई, दोन वेण्यांच्या मुलीची आई, आणि दुपारी क्लास रिकामा असला की राक्षसांशी मारामाऱ्या करत बसायची. घरी मी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

त्या खेळात एक गाडलं गेलेलं शहर होतं. जमिनीखाली शेकडो खोल्यांचं भुयार आणि त्याच्या पोटात कुठेतरी एक मोठी घंटा. खेळ चालवणाऱ्यांनी जाहीर केलं होतं, जो ती घंटा वाजवेल त्याचं नाव वेशीवर कोरलं जाईल. दोन वर्षं कुणालाच जमलं नव्हतं. खोल्या सगळ्या सारख्याच. खूण म्हणून एखादी वस्तू ठेवावी तर भुयारातले उंदीर ती पळवायचे. मी चार वेळा गेले आणि चारही वेळा उपाशी मरून वेशीत परत आले.

आषाढाच्या मध्यावर भिकनभाऊ क्लासमध्ये आले. शिरपूरकडचे, वीसेक वर्षं सुरतेत, राहायला डिंडोलीत. कतारगामच्या एका साडीच्या कारखान्यात जेकार्डचे ग्राफ काढायचे. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. साडीवरची वेलबुट्टी मागावर आपोआप येत नाही. आधी चौकटीच्या मोठ्या कागदावर ती एकेक घर भरून काढावी लागते. एक घर म्हणजे एक धागा वर किंवा खाली. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि तो पुठ्ठ्यांचा हार जेकार्डवर चढला की मागाला कळतं, कुठला धागा उचलायचा. ग्राफ काढणाऱ्याचं एक घर चुकलं तर हजार साड्यांत ती चूक उतरते. भिकनभाऊंचं चुकत नसे, अशी त्यांची ख्याती होती.

त्यांच्या शेठनं नवं इलेक्ट्रॉनिक जेकार्ड मागवलं होतं. त्याला पुठ्ठे लागत नव्हते, डिझाइन थेट कॉम्प्युटरवरून जायचं. लाभपाचमीला मशीनचा मुहूर्त ठरला होता. दिवाळीची सुट्टी संपवून सुरतेत त्या दिवशी दुकानं-कारखाने उघडतात, नव्या कामाचा श्रीगणेशा करतात. शेठनं भिकनभाऊंना सांगितलं होतं, मुहूर्ताचं डिझाइन तुझ्या हातून काढायचं, कॉम्प्युटरवर. जमलं तर मशीन तुझं. नाही जमलं तर अहमदाबादहून शिकलेला माणूस आणावा लागेल. फीसुद्धा शेठनंच भरली होती.

भाऊ पहिल्या दिवशी आले ते अंघोळ करून, कपाळाला गंध लावून. बाहेर चपला काढल्या, कॉम्प्युटरला हात जोडले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, “ताई, सातवी शिकेल शे मी. इंग्रजीनी अक्षरं वळखस, बस. जमी ना?”

“जमेल की,” मी म्हणाले. “तीन महिने भरपूर झाले.”

आणि खरंच भरपूर होते. पहिले पंधरा दिवस मी नीट शिकवलं. माउस धरायला त्यांना दोन दिवस लागले, पण एकदा धरल्यावर हाताला असा स्थिर की मी बघत राहायची. प्रोग्रॅम उघडायचा, नवं पान घ्यायचं, घर भरायचं, पुसायचं. एक बुट्टी त्यांनी काढलीही. आता राहिलं होतं ते रंग देणं, बुट्टी अख्ख्या साडीवर पुन्हा पुन्हा उतरवणं, ज्याला धंद्यात रिपीट म्हणतात ते, आणि डिझाइन मशीनसाठी साठवणं. पंधरा दिवसांचं काम.

एका दुपारी ते लवकर आले आणि मी शेजारच्या कॉम्प्युटरवर भुयारात अडकलेली सापडले. समोर रद्दी कागदावर माझा नकाशा होता, रेघोट्या, बाण, खाडाखोड. भाऊंनी चष्मा वर केला.

“ताई, हाई काय शे?”

मी सांगितलं. त्यांना खेळ कळला की नाही कोण जाणे, पण नकाशा पाहून त्यांच्या चेहऱ्यावर दुःख उमटलं. पिशवीतून त्यांनी ग्राफच्या कागदाची गुंडाळी काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाले, “तुम्ही सांगा, मी काढस.”

तिथून सगळं घसरायला लागलं. मी त्यांना म्हणाले, “भाऊ, हीसुद्धा प्रॅक्टिसच आहे बरं का. कीबोर्डला बोटं सरावतात.” हे वाक्य मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणाले होते. भाऊंनी ते शब्दशः घेतलं. माझ्या तोंडून येणारं प्रत्येक वाक्य ते वहीत उतरवायचे, हेही त्यांनी उतरवलं असेल.

आम्ही आधी वीस मिनिटं भुयारात घालवायचो, मग डिझाइन. काही दिवसांनी तासभर भुयार. गणपती उठेपर्यंत क्लासचे दोन्ही तास भुयारच. मी पडद्यावरचं इंग्रजी वाचून मराठीत सांगायची, बटणं भाऊ दाबायचे. n, s, e, w, आणि नव्या खोलीत शिरलं की l. ते l दाबल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाहीत. मी घाई केली की म्हणायचे, “थांबा ताई. पहिले देखू तं द्या, आजूबाजूले काय शे.” खोल्या माझ्या मते सगळ्या सारख्याच होत्या. भाऊंनी मला एकेक शब्द पुन्हा वाचायला लावला आणि लक्षात आलं, काही भिंती ओल्या होत्या, काही कोरड्या, काहींवर शेवाळ. ओलीला त्यांनी फुली केली, कोरडीला टिंब, शेवाळाला भरीव घर. त्यांच्या हातून भुयार असं उतरायला लागलं की कुणी पैठणीचा पदर म्हणून विकत घेतलं असतं.

पहिल्यांदा तो ग्राफ हातात धरून मी एकटी आत गेले. भाऊ त्या दिवशी कारखान्यात अडकले होते. ग्राफप्रमाणे उजवीकडे तीन खोल्या आणि मग जिना. मी उजवीकडे तीन खोल्या गेले आणि एका खड्ड्यात पडून मेले. दुसऱ्या दिवशी मी जाम भडकले होते. भाऊंनी कागद पाहिला, मला पाहिलं आणि पोट धरून हसले. मी त्यांना त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं.

“उलटं वाचनं पडस, ताई. साडी पालथी विणतस ना.”

मागावर साडीची सुलटी बाजू खाली असते. त्यामुळे ग्राफ काढताना उजव्याचं डावं करायची त्यांच्या हाताला इतकी सवय, की परक्या देशातलं भुयारही त्यांनी पालथंच काढलं होतं. शिवाय विणकाम खालून वर जातं, म्हणून सुरुवातही कागदाच्या तळापासून. मी म्हटलं, आता हे सुलटं करून द्या. ते म्हणाले, नको, हातच चुकेल. मग मी उलटं वाचायला शिकले. बघा, शिकणं असं होतं, दोघांनी मिळून. फक्त त्यांनी शिकायचं ते सोडून.

मधे, श्रावणातल्या कानबाईला, ते दोन दिवस आले नाहीत. खानदेशी माणसाच्या घरी कानबाई म्हणजे केवढा सण, हे मला माहीत होतं, तरी मी चिडले. डिझाइनचा धडा बुडाला म्हणून चिडले असते तर गोष्ट निराळी. मी चिडले ती भुयाराचं काम अडलं म्हणून.

नवरात्राच्या सुमारास एके दिवशी भाऊ कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. मग पेन्सिलीनं घरं मोजली. पुन्हा मोजली.

“ताई, हाई तं बुट्टी शे.”

“कसली बुट्टी?”

“बारा घरं व्हयनात का परत तेच येस. ज्यानी हाई शहर बनाडं ना, त्यानी एकच बुट्टी काढी अन् रिपीट मारी दिन्ही.” त्यांचं बोट कागदावरून सरकत होतं आणि एका जागी थांबलं. “अन् आठे एक घर चुकेल शे. ओलं पाहिजे, कोरडं शे.”

“त्यांच्या हातून चुकलं असेल.”

भाऊंनी मान हलवली. “इतलं सफाईनं काम करनारा चुकस नही. त्यानी मुद्दाम सोडेल शे.”

दोन वर्षं जगभरातली पोरं तलवारी घेऊन धडपडत होती आणि वाट कुठे आहे ते डिंडोलीतल्या ग्राफवाल्यानं पेन्सिलीनं शोधलं. आजही तो क्षण आठवला की आनंद होतो आणि त्या आनंदाचीच मला लाज वाटते. कारण रिपीट म्हणजे काय हे ज्या माणसाला जगात सगळ्यांत चांगलं कळत होतं, त्याला कॉम्प्युटरवर रिपीट कसं मारायचं ते मी दाखवलं नव्हतं. तीन बटणांचं काम होतं.

धनत्रयोदशीच्या आधीचा गुरुवार. क्लासचा माझ्या हिशेबानं आणखी एक दिवस उरला होता. भाऊ आले, बसले आणि प्रथमच त्यांनी स्वतःहून डिझाइनचा विषय काढला.

“ताई, आज ते रंगनं अन् रिपीटनं सांगशात का? लाभपाचम जवळ उनी.”

मी घड्याळ पाहिलं. लाइन पहिल्याच झटक्यात लागली होती, असं महिन्यातून एकदा व्हायचं. आम्ही त्या चुकलेल्या घरापासून सहा पावलांवर उभे होतो.

“उद्या,” मी म्हणाले. “उद्या नक्की. उद्या दुसरं काहीच नाही. आज एवढं उरकून घेऊ.”

“बरं,” भाऊ म्हणाले. “उद्या तं उद्या.”

त्या कोरड्या खोलीत आम्ही शिरलो. भाऊंनी l दाबलं. नेहमीच्या ओळी आल्या. मी म्हटलं भिंत चाचपा, आणि शब्द टाइप करून दिला. एक दगड सरकला. खाली जिना. जिन्याच्या तळाला एक चौक आणि चौकात घंटा. मी त्यांना म्हणाले, वाजवा. त्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं, एंटर दाबलं, आणि पडद्यावर ओळीमागून ओळी यायला लागल्या. त्या देशात त्या वेळी जितके लोक होते त्या सगळ्यांना घंटा ऐकू गेली होती आणि सगळे ओरडत होते. फिनलंडवाला ओरडत होता, कॅनडावाला विचारत होता, तापी, नकाशा कुणी काढला?

खेळ चालवणाऱ्यांनी विचारलं, वेशीवर नाव काय कोरायचं? मी दोन्ही नावं दिली. तापी आणि भिकन. एवढं मी केलं.

“मन्हं नाव? इंग्रजीमा?” भाऊंनी पडद्याला बोट लावून पाहिलं. मग त्यांनी त्याचा कागद मागितला. मी प्रिंटर चालू केला, खालून फरसाणवाल्या काकांची हाक आली, सगळं ठीक असल्याचं मी सांगितलं. भाऊंनी कागदाच्या चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या. इतका खूश माणूस मी त्या क्लासमध्ये पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. दिवाळीचा शेवटचा माल निघत होता, शेठनं सगळ्यांना थांबवून घेतलं होतं. तिथून ते परस्पर शिरपूरच्या गाडीला बसले. दिवाळीला सुरतेतला खानदेशी माणूस गावाला जाणार, हे मला ठाऊक होतं. गुरुवारीही ठाऊक होतं.

लाभपाचमीला शेठनं मलाही बोलावलं. कारखान्याच्या दारात तोरण, नव्या मशीनवर हार, मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक. शेठचे पाहुणे, दोन व्यापारी, पेढ्यांचा बॉक्स. भाऊ नवा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. ताई आल्या म्हणजे आता काळजी नाही, असं त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

त्यांनी प्रोग्रॅम उघडला. नवं पान घेतलं. एकेक घर भरत एक कोयरी काढली आणि ती इतकी देखणी होती की एक व्यापारी वाहवा म्हणाला. शेठ खुशीत येऊन म्हणाले, “चालो, हवे रिपीट मारो.” चला, आता रिपीट मारा.

भाऊंचा हात थांबला. मी पुढे झाले. शेठ हसून म्हणाले, “ना बेन, एमने करवा दो.” त्यांनाच करू द्या. मी थांबले. भाऊंनी माउस सोडला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग कीबोर्डवर एक बोट ठेवून त्यांनी सावकाश l दाबलं आणि एंटर मारलं.

पडद्यावर काहीच हललं नाही. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि पुन्हा दाबलं. खोलीतल्या इतर कुणालाच कळलं नाही ते काय करताहेत. मला कळलं. आजूबाजूला काय आहे ते ते बघत होते. मी शिकवलं होतं तसंच.

मग पेढे वाटले गेले, पण आवाज खाली आले होते. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, “बेन, त्रण महिनामां आटलुंज?” तीन महिन्यांत एवढंच? तेवढ्यात भाऊच मध्ये आले. “शेठ, बेनने बहोत सिखाया. मेरेही भेजे में नहीं बैठा.” आणि खिशातून तो चार घड्यांचा कागद काढून त्यांनी शेठच्या हातात दिला. “इतना तो आया. ये देखो, नाम भी आया मेरा.”

शेठनं इंग्रजी वाचलं. घंटा, भुयार, तापी, भिकन. मान वर करून त्यांनी मला विचारलं, “आ शुं छे, बेन?” हे काय आहे?

सांगायची ती वेळ होती. हा खेळ आहे, यांचे तास मी त्यात घालवले, मला पंधरा दिवस द्या, मी फुकट शिकवते. शेठ माणूस वाईट नव्हता, त्यानं दिले असते. पण भोवती माणसं उभी होती, माझ्या क्लासचं नाव होतं, आणि घरी हे कळलं तर काय, हेही मनात आलं.

“प्रॅक्टिस,” मी म्हणाले.

महिन्याभरात अहमदाबादचा डिझायनर आला. भाऊंना शेठनं काढलं नाही, घडी-पॅकिंगला बसवलं. वीस वर्षं ज्यांनी साड्यांवरची नक्षी ठरवली ते आता तयार साड्यांच्या घड्या घालत होते. मी त्या वर्षी खेळ सोडला. भाऊंना भेटायला जायचं रोज ठरवत होते आणि गेले नाही. वाटायचं, त्यांनी सगळ्यांसमोर मला पाठीशी घातलं, आता कुठल्या तोंडानं समोर उभी राहू? त्यांचा मोठेपणा असा मी मनातल्या मनात वाढवत नेला, आणि तो जितका मोठा झाला तितकं न जाणं सोपं झालं.

दोनेक वर्षांनी नणंदेच्या लग्नाचा बस्ता निघाला. कारखान्यातून घाऊक भावात साड्या मिळतील म्हणून सासूबाईंनी गळ घातली आणि मला कतारगामला जावंच लागलं. पॅकिंगच्या खोलीत लांब टेबलाभोवती आठदहा बायका-पुरुष घड्या घालत होते. भाऊ टेबलाच्या टोकाला. केस पांढरे झाले होते. मला पाहताच ते लगबगीनं उठले, खुर्ची पुसली, चहा सांगितला आणि सगळ्यांकडे वळून मोठ्यानं म्हणाले,

“या मन्ह्या मॅडम. कॉम्प्युटर शिकाडं यासनी माले. रोज दोन दोन तास, कधी कटाळनात नही. लई जीव लाया यासनी.” मग स्वतःच्या कपाळावर बोट आपटून हसले. “मन्हंच डोकं जाड. परीक्षामा काहीच उनं नही.”

त्या हसण्यात मोठेपणा नव्हता, मला वाचवणंही नव्हतं. लाभपाचमीच्या दिवशीही ते नव्हतं. ते खरं बोलत होते. त्यांच्या लेखी मी तीन महिने मन लावून शिकवलं होतं आणि त्यांना ते जमलं नव्हतं. ज्या डोक्यानं ते भुयार उलगडलं ते डोकं जाड आहे, असं हा माणूस दोन वर्षं रोज मानत आला होता, आणि हे मत त्याला माझ्याकडून मिळालं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. भाऊ, डोकं जाड नव्हतं. मी शिकवलंच नाही.

टेबलाभोवतीची माणसं माझ्याकडे आदरानं बघत होती. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. कुणीतरी चहाचा कप माझ्या हातात दिला.

“असू द्या हो भाऊ,” मी म्हणाले. “सगळ्यांनाच जमतं असं नाही.”

भाऊंनी मान डोलावली, आणि पुढची साडी जवळ ओढून घेतली.